कॅप्टनच्या स्केट्सची धार

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि देवासमोर हात जोडतो तेव्हा तर मी विषयच बदलतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा रोज सकाळी माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर जो माणूस बसतो, त्याला सांगायची छाती नाही म्हणून. पण एक आधीच सांगून ठेवतो — ते करताना मला वाईट वाटत नव्हतं. मजा येत होती.

मी नितीन, मूळचा ठाण्याचा. राहायला शारजात, अल मजाजला, आणि नोकरी दुबईत — एका आइस हॉकी टीमचा इक्विपमेंट मॅनेजर. हसा, सगळेच हसतात. ठाण्यात मी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. इथे आलो तेव्हा स्पोर्ट्सच्या दुकानात रॅकेटच्या तारा ओढायचो, मग मॉलमधल्या रिंकवर भाड्याच्या स्केट्सना धार लावायला लागलो, हात बसला, आणि टीमने उचलून घेतलं. पगारी खेळाडू, निम्मे युरोपातून नाहीतर कॅनडातून आलेले. बाहेर ऊन कातडी सोलतंय आणि आत मी स्वेटर घालून त्यांची पाती घासतोय.

धारेबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय माझं पाप तुम्हाला कळायचं नाही. स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. त्याच्या तळाला लांबभर एक बारीक पन्हळ काढलेली असते आणि तिच्या दोन्ही काठांना धार असते. पन्हळ खोल असली की पातं बर्फात घट्ट रुततं, उथळ असली की सरकतं. प्रत्येकाची खोली ठरलेली, वर्षानुवर्षांच्या सवयीची. आणि यांच्यात एक रीत आहे — सीझन सुरू झाला की माप बदलायचं नाही आणि धार लावणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही. अपशकुन मानतात. पातं नखावर घासून बघतात, मान डोलावतात, बूट चढवतात. एवढा भरवसा तर नवराबायकोतही नसतो.

आमच्या कॅप्टनचं नाव टोमास. उंच, देखणा, आणि स्वतःला रिंकचा मालक समजणारा. खेळायचा मात्र — कबूल करतो — असा की बघत राहावं. पूर्ण वेगात यायचा आणि जागच्या जागी असा वळायचा की समोरचा सरळ पुढे निघून जायचा. त्या वळण्यावर त्याचं घर चालायचं. त्याला टीममध्ये सगळ्यात खोल पन्हळ लागायची.

आणि दुसरे रफिकभाई. दापोलीकडचे. मॅचच्या मधल्या वेळात बर्फावर ते मोठं मशीन फिरतं ना, वरचा थर खरवडून त्यावर पाणी सोडतं आणि सगळं पुन्हा आरशासारखं करतं, ते रफिकभाई चालवायचे. आम्ही दोघं माझ्या गाडीतून एकत्र जायचो. त्यांच्या बायकोने केलेल्या सांदणांचा डबा माझ्या मुलीसाठी यायचा. माझे वडील गेले तेव्हा मला एअरपोर्टवर सोडायला हाच माणूस आला, आणि मी परत येईपर्यंत माझ्या घरी भाजीपाला यानेच पोचवला. सख्खा भाऊ काय वेगळं करतो?

तर एका सीझनची फायनल. बरोबरीत चाललेली. शेवटची काही मिनिटं, टोमास नेहमीसारखा वळायला गेला आणि पाय निसटून आडवा झाला. समोरच्यांनी त्याच्याकडून पक, म्हणजे ती रबराची चकती, हिसकावला आणि गोल केला. कप गेला. हा उठला तो थेट काचेकडे बोट दाखवत — काचेपलीकडे रफिकभाई उभे. बर्फ ओला ठेवला, पाणी जास्त सोडलं, या मशीनवाल्याने आम्हाला बुडवलं. सगळ्यांदेखत. नाव घेऊन शिवी दिली असती तरी परवडलं असतं हो, पण त्याला नावच माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज त्याच्यासाठी बर्फ बनवणाऱ्या माणसाचं नाव!

आता खरं काय झालं होतं ते ऐका. मधल्या सुट्टीत टोमास फोनवर भांडत भांडत मागच्या दाराने पार्किंगपर्यंत गेला होता. पात्यांना कव्हर न लावता. सिमेंटवरून. मॅचनंतर त्याचे बूट माझ्या टेबलावर आले तेव्हा उजव्या पात्याची आतली धार बोटभर उडालेली होती. पहिलीतल्या पोरानेही सांगितलं असतं तो का पडला ते. आणि मी काय केलं? मी धार लावायचं मशीन सुरू केलं आणि ते पातं घासून साफ केलं. सवयीने केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सवय कसली — कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचे दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावून विचारलं, तुझं काय म्हणणं? मी म्हणालो, सर, बर्फ माझ्या डिपार्टमेंटचा नाही. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. रफिकभाईंची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा, आणि व्हिसाबरोबर सगळं घर. त्यांची मुलगी सानिया दहावीत होती, शाळा अर्ध्यावर टाकून गावी गेली. सामान बांधायला मी गेलो होतो. खोकी चिकटवत रफिकभाई मला म्हणाले, "नितीन, मी पाणी मापातच सोडलं रे. माझ्या हातून असं होत नाही." मी म्हणालो, "मला माहीत आहे, रफिकभाई." ते हसले. त्यांना वाटलं, मी धीर देतोय.

यात माझा कबुलीजबाब संपला असं वाटलं ना तुम्हाला? नाही. हा तर भित्रेपणा झाला, आणि भित्रे काय जगात कमी आहेत? खरी गोष्ट पुढच्या सीझनची आहे.

टोमास सुट्टीवरून परत आला, उन्हाने तांबूस झालेला, खुशीत. नवीन मशीनवाल्याला बघून म्हणाला, चला, यंदा स्विमिंग पूल नसेल. सगळे हसले. त्याने बूट माझ्या टेबलावर ठेवले, माझ्या खांद्यावर थोपटलं, "यल्ला हबीबी, सेम ॲज ऑलवेज" म्हणाला आणि शीळ घालत गेला. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. थांब बेट्या. तुला नोकरीवरून काढणं माझ्या हातात नाही, पण तुझे पाय माझ्या हातात आहेत.

त्या दिवशी काही केलं नाही. एकदम केलं असतं तर त्याला कळलं असतं. मी दर वेळी, थोडी थोडी, केसभर, पन्हळ उथळ करत गेलो. धार मात्र कडक ठेवायचो. तो नख घासून बघायचा, मान डोलवायचा — धार होतीच की! खोली जात होती, आणि ती नखाला कळत नाही. यालाच केसाने गळा कापणं म्हणत असतील.

आधी काही दिसलं नाही. मग एका मॅचमध्ये वळताना तो जरा लांब गेला. मग आणखी लांब. ज्याला तो चकवायचा तो आता समोरच उभा राहायचा. कोच ओरडायला लागला. टोमास सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ट्रेडमिलवर पळायला लागला, मांड्यांना बर्फ बांधून बसायला लागला, डॉक्टरांकडे जाऊन गुडघ्याचे फोटो काढून आला. गुडघ्यात काय सापडणार, कप्पाळ? मी आतून सगळं बघायचो आणि खरं सांगतो, घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचो. तो पडला की मनात म्हणायचो, हे सानियाच्या शाळेचं. पुन्हा पडला की, हे त्या खोक्यांचं. माझी मुलगी इरा मॅच बघायला यायची. तिने विचारलं, "बाबा, व्हाय इज टोमास सो स्लो धिस इयर?" मी म्हटलं, वय होतं गं माणसाचं.

आणि मग त्याने ती रीत मोडली. सीझनच्या मध्यावर एकदा माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं, आणि विचारलं — माझं माप तेच आहे ना? विचारताना त्यालाच लाज वाटत होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तेव्हा मी थांबू शकलो असतो, नाही का? पुढच्या धारेला पन्हळ खोल केली असती, तो पुन्हा वळायला लागला असता, कुणाला काही कळलं नसतं. मी म्हणालो, "सेम ॲज ऑलवेज, कॅप्टन." त्याने लगेच मान डोलावली आणि माफी मागून गेला. विचारल्याबद्दल माफी! तो गेल्यावर मी चहा करून प्यायलो. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही.

त्यानंतर तो उतरतच गेला. कोचने त्याला शेवटच्या फळीत टाकलं, मग बाकावर. सीझन संपत आला तेव्हा त्याने सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं, मलाही. म्हणाला, पाय गेले माझे. ही शेवटची मॅच, नंतर खलास. पोरं रडायला लागली. मी दाराशी टॉवेल घेऊन उभा होतो आणि मनात म्हणत होतो, रफिकभाई, घ्या, झालं तुमचं काम.

पण तो गप्प बसला नाही. म्हणाला, पाय आज नाही गेले. गेल्या फायनललाच गेले होते, मला मान्य करायचं नव्हतं. बर्फ चांगला होता. मी एका निरपराध माणसावर ढकललं. आणि तिथून उठून तो मॅनेजरकडे गेला आणि तेच पुन्हा सांगितलं. त्या माणसाला परत बोलवा, नाहीतर शेवटची मॅच खेळणार नाही म्हणाला.

कळतंय का तुम्हाला? जे खरं सांगायची हिंमत मला झाली नव्हती, ते हा माणूस सांगत होता — आणि तेसुद्धा चुकीच्या कारणाने. त्याचे पाय तेव्हाही ठीक होते, आताही ठीक होते. तेव्हा सिमेंट होतं, आता मी होतो. माझा सूड त्याच्या अंगावर पडला आणि तो त्यातून चांगला माणूस होऊन बाहेर आला. मला काय वाटलं सांगू? पश्चात्ताप नाही. संताप. याला हेही मिळावं?

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. रफिकभाईंचा नंबर मागितला — या वेळी नाव घेऊन, विचारून पाठ करून आला होता. मग म्हणाला, माझं इंग्लिश त्यांना फोनवर कळेल की नाही, तूच सांग त्यांना त्यांच्या भाषेत. आणि मी सांगितलं. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवून, त्याच्या स्केट्सच्या शेजारी बसून, एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. तो म्हणतोय, त्याची चूक होती. तो म्हणतोय, त्याचे पाय गेले होते. तो म्हणतोय, माफ करा.  पलीकडून रफिकभाई रडवेल्या आवाजात म्हणाले, "त्याला सांग नितीन, मी माफ केलं. अल्ला त्याच्या पायांना शिफा देवो, बरं करो. खेळणाऱ्याचे पाय जाणं म्हणजे काय ते मला कळतं." तेही मी टोमासला सांगितलं. इंग्लिशमध्ये. शब्द न गाळता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी दोघांच्या मधे बसलो होतो, मूग गिळून.

शेवटच्या मॅचला त्याचे बूट पुन्हा टेबलावर आले. एकदा तरी त्याला नीट वळू द्यावं, असं मनात आलं का? आलं. पण तो नीट वळला असता तर त्याला सगळं कळलं असतं. मी तीच उथळ धार दिली. तो त्या पात्यांवर हळूहळू रिंकला फेरी मारून हात हलवत गेला, लोक उभे राहिले, मीही उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. आता तो आपल्या देशात कुठल्यातरी गोदामात सुपरवायझर आहे म्हणतात. खेळत नाही. मुलांना शिकवायलाही बर्फावर उतरत नाही, पायांवर भरवसा राहिला नाही म्हणे.

रफिकभाई परत आले. एकटेच आले, सानियाचं वर्ष गेलं ते गेलंच, ती आणि तिची आई आता दापोलीलाच असतात. आम्ही पुन्हा एकाच गाडीतून जातो. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर ते टोमासच्या पायांसाठी दुवा मागतात आणि मला येऊन तसं सांगतात. मी आमीन म्हणतो. परवा गाडीत म्हणाले, "एवढा मोठा खेळाडू, पण आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. असा एक माणूस दाखव बघू मला आपल्यात."

"नाही रफिकभाई," मी म्हणालो, "आपल्यात कोणी नाही."