चिठ्ठी बाटलीच्या आत

मोटे सर परंड्यात आमच्याकडे भाड्यानं राहायला आले, तेव्हा टेम्पोतून गादीच्या आधी बरण्या उतरल्या. लोणच्याच्या नव्हेत, रोगट पानांच्या. करंजाच्या पानांवर फोडांसारख्या गाठी आणि बरणीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं. मी विचारलं, "सर, ही कीड घरात कशाला?"

"अक्का, बाळंतिणीची खोली हाय ती. आत माशी वाढतीया."

गाठमाशी म्हणे. तिळाहूनही लहान, आणि बहुतेक प्रत्येक जातीचं ठरलेलं एकच झाड. आपल्या उष्ण मुलखात यांच्या किती जाती बिननावाच्या आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, असं सर सांगायचे आणि सांगतानाच चिडायचे. "ज्वारीवरची मिजमाशी समद्यांला ठाऊक, कारण ती कणसं नासवती. बाकीच्यांनी कुणाचं वाटोळं केलं न्हाय, म्हणून त्यांला नाव नको व्हय?"

मी शाळेची पायरी चढले नाही. पोरांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, पण अक्षर माझं मुंगीसारखं बारीक. सरांना तेच हवं होतं. बोटभर बाटलीत स्पिरिट, त्यात माशा, आणि आतच माझ्या हातची चिठ्ठी: झाड, गाव, तारीख, कुणी वेचलं. "पेन्सिलनंच लिवा. शाई स्पिरिटात उतरती. अन् चिठ्ठी गेली की माशी निस्ता कचरा." वर्षानुवर्षं लिहिल्या मी त्या. बाटल्या त्यांच्या कॉलेजातल्या कपाटात राहायच्या.

मग कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. सर तेव्हा ईट गावाला, भाचीच्या लग्नात. प्राचार्यांनी कपाट देखणं करायला सांगितलं. शिपायांनी बाटल्यांतल्या मळक्या चिठ्ठ्या चिमट्यानं काढून जाळल्या आणि बाहेरून छापील कागद चिकटवले. कीटक एक. कीटक दोन. त्यात किल्ल्याच्या खंदकाकाठच्या हिवराच्या झाडावरची माशी होती. ती नवीच जात असावी, असं सरांना वाटत होतं. नावासाठी ती बाहेर जाणकारांकडे पाठवायची होती. सरांच्या वहीत नोंद होती, पण नोंद कुठल्या बाटलीची, हे सांगणारी चिठ्ठीच गेली.

सर परतले त्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन कॉलेजात गेले होते, म्हणून कानांनी ऐकलं. प्राचार्य म्हणाले, "समितीनं कपाटाचं फार कौतुक केलं, सर."

सर म्हणाले, "उद्या तुमच्या दारावरली पाटी काढून 'माणूस एक' लिवलं, तर करताल का कौतुक?"

प्राचार्य हसले. ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

सरांनी पुन्हा हिवराची गाठाळ डहाळी आणली. बरणी खिडकीत ठेवली. माशा निघायच्या आधीच सर गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. तेराव्याच्या सकाळी फडक्याखाली धुरळ्यासारखं काही हललं. सर घ्यायचे तशाच मी माशा बाटलीत घेतल्या आणि पेन्सिलीला टोक केलं. हिवर. परंडा, खंदकाकाठ. तारीख. वेचणार: मोटे सर.

परवा प्राचार्य आले. कॉलेजात सरांच्या आठवणीचा कोपरा करायचा आहे, शेवटची बाटली द्या म्हणाले.

मी बाटली पदराआड धरली. म्हटलं, "ही नावासाठी जायची हाय. तुमच्याकडं 'कीटक एक' हायच की. तोच मांडा."