गुरुदासची नाळ

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, बाजारकुणंग गावच्या सुमंगलेला दुसरं मूल झालं तेव्हा भाताची कापणी उरकत आली होती. थोरली मयूरी सात वर्षांची. तिच्या पाठीवर मुलगा आला म्हणून नवरा, परशुराम, खुशीत होता. पोराचं नाव गुरुदास ठेवलं. पण बारसं होऊन गेलं तरी त्याची नाळ काही पडेना. मयूरीची आठवड्यातच गळली होती; ह्याची महिना उलटला तरी सुकल्या देठासारखी बेंबीला तशीच. शेजारणी म्हणाल्या, पडंल, जरा दम धर. सुमंगला मान डोलवायची, पण बाळाला न्हाऊ घालताना तिचं लक्ष सारखं तिथंच जायचं.

मग बेंबीभोवतीची कातडी लाल झाली, ताप चढला. जोयड्याच्या दवाखान्यातल्या औषधानं तो उतरला, नि परत चढला. कानामागं एक जखम झाली ती भरेचना. नवल म्हणजे, तिला पू धरत नव्हता. परशुरामाला ते चांगलं लक्षण वाटलं. सुमंगलेला मात्र भीती वाटायची, कारण जखम कोरडीच्या कोरडी आत आत खात चालली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच त्यांना बेळगावला धाडलं. तिथं अश्विनी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. रोगाशी झुंजणाऱ्या पेशी एवढ्या असताना पोर आजारी कसं, असं सुमंगलेनं विचारलं, तेव्हा बाईंनी खुर्ची जवळ ओढून तिला नीट समजावलं. रक्त नळीतून जोरात वाहत असतं. कुठं जंतू शिरले की तिथल्या नळीची आतली भिंत पेशींना धरायला तयार होते. पांढऱ्या पेशी आधी त्या भिंतीवरून गडगडत जातात, त्यात त्यांचा वेग मोडतो. मग त्या घट्ट चिकटून बसतात आणि भिंतीतल्या फटींतून बाहेर पडून जंतूंना गाठतात. तिथं मेलेल्या पेशींचाच पू होतो. नाळ गळण्यामागंही त्यांचंच काम असतं. गुरुदासच्या पेशी गडगडत होत्या, पण घट्ट धरायला लागतं ते त्यांच्या अंगावर जन्मापासूनच नव्हतं. त्या पुढं वाहून जात होत्या.

पोटुशी असताना सुमंगला रानात जायची, तेच पोराला बाधलं अशी गावात कुजबुज होती.

"माझं कायतरी चुकलं व्हय?" तिनं विचारलं.

"नाही. हा दोष तुम्हा दोघांत लपून होता, तुम्हाला कळणारच नव्हता. ह्यात कुणाचीच चूक नाही."

त्या एका वाक्यानं तिच्या छातीवरचा दगड उतरला.

उपाय एकच होता: जुळणाऱ्या माणसाच्या हाडांतला मगज, ज्याला अस्थिमज्जा म्हणतात, तो पोराला द्यायचा, म्हणजे नव्या पेशी तयार होतील. मयूरीचा जुळला. त्यासाठी बेंगळुरूच्या मोठ्या दवाखान्यात जायच्या आधी तिनं आईला विचारलं, "दुखंल?"

"थोडं दुखंल," सुमंगलेनं खरं ते सांगितलं.

मयूरीनं विचार केला. "मग मोठा झाला की माझं ऐकायचं म्हणून सांग त्याला."

बेंगळुरूत पुष्कळ महिने गेले. सुमंगलेला कन्नड येत होतं, त्यामुळं नर्सांशी तिचं चांगलं जमलं. परशुराम शेत सांभाळून ये-जा करायचा. एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, नव्या पेशी भिंतीला धरायला लागल्यात. पुढं गुरुदासच्या बोटाला खरचटलं आणि तिथं पिवळा ठिपका दिसला, तशी सुमंगलेनं नवऱ्याला फोन लावला: पू धरलाय. परशुराम आधी घाबरलाच. ती हसतीय हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

गुरुदास आता पहिलीत जातो. गुडघे फोडून घेतो, खपल्या खरवडतो, ओरडा खातो. थंडीत सुमंगला घरामागं कणगीचे कंद खणायला बसली की दोघं पोरं तिच्या दोन बाजूंना येऊन बसतात. मातीतनं कंद निघाला की मोठा कुणाचा यावरून भांडण जुंपतं. ती दोघांनाही गप्प करत नाही, खणत राहते.