तेराव्या पत्त्याचं उत्तर

सुल्मा पेरेइरानं एकतीस वर्षं मोन्तेव्हिदेओ शहराच्या बसगाड्यांत तिकीट तपासनिसाचं काम केलं. ती निवृत्त झाली, तिची नजर काही झाली नाही. बेकरीत ती पाव हातात तोलून बघायची. डॉक्टर नाडी बघायचे तेव्हा ही त्यांच्या घड्याळाचा काटा बघायची. कुणावर विश्वास टाकायला तिला पुरावा लागे, आणि तो मिळाला की तो खरा आहे याचा दुसरा पुरावा लागे.

अशा बाईला थोरल्या बहिणीनं, एलिदानं, एक दिवस सांगितलं, "मी हृदयाचं ऑपरेशन करणार नाही. पत्ते नको म्हणतायत."

पत्ते कधी बोलतात का? त्यांच्यामागे कुणीतरी भविष्यवाली असणार, दहा बोटांत दहा अंगठ्या घालणारी. दोन महिने एलिदा दर रविवारी सकाळी "चर्चला जाते" म्हणून बाहेर पडत होती. जन्मात चर्चची पायरी न चढलेली ही निवृत्त शिक्षिका! पाणी कुठं मुरतंय ते सुल्माला तेव्हाच कळायला हवं होतं. मंगळवारपर्यंत दवाखान्याच्या संमतीच्या कागदावर सही झाली नाही, तर ऑपरेशनची पाळी दुसऱ्या रुग्णाला जाणार होती. एलिदाला तर आता जिना चढतानाही धाप लागत होती.

सुल्मानं एलिदाच्या उशीखालून भविष्य बघायच्या टॅरो पत्त्यांचा जोड शोधून काढला. तेराव्या पत्त्यावर विळा घेतलेला सांगाडा होता. बाकी सगळ्या चित्रांखाली नाव छापलेलं, नेमक्या याच पत्त्याखाली नाही. त्या भविष्यवालीनं ते खरवडलं असणार, म्हणजे हवा तो अर्थ सांगायला मोकळी. सुल्मानं ठरवलं, आपण पत्त्यांचं पुस्तक आणायचं, नियम शिकायचे आणि तिला तिच्याच नियमांनी पकडायचं.

त्या रविवारी एलिदाला अंथरुणातून उठवेना. चहाचा थर्मास काखेत मारून सुल्मा एकटीच त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या आठवडी बाजारात गेली. वाल्तेरचं जुन्या पुस्तकांचं दुकान रस्त्यावरच मांडलेलं होतं. त्याच्याकडे दोन पुस्तकं देऊन एक नेता यायचं.

"पत्ते शिकायचेत. थापा नसलेलं पुस्तक दे," ती म्हणाली.

"बाई, थापा नसलेलं हवं तर टेलिफोनची डिरेक्टरी घ्या."

"आणि तेराव्या पत्त्याचं नाव कुणी खरवडलंय ते सांग."

वाल्तेर हसला. "त्याला नावच नसतं. शेकडो वर्षं असंच छापतात."

हे तिला पटलं नाही. पण त्यानं समोर ठेवलेल्या चार जोडांत तसंच निघालं, तेव्हा ती पुस्तकांकडे वळली.

पुस्तकं निवडायची तिची पद्धत बसमधलीच होती. सगळं तिकीट कशाला वाचायचं, क्रमांक बघायचा. प्रत्येक पुस्तकात तिनं थेट तेरावा पत्ता उघडला. पहिल्यात लिहिलं होतं, मोठा बदल. दुसऱ्यात, जुनं सोडून द्या. तिसऱ्यात, नवी सुरुवात. मरण म्हणायला एकही तयार नाही. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून गोड बोलणारी जात सगळी, असं तिला वाटलं. मग तिला समासातली पेन्सिल दिसली. पहिल्या पुस्तकात बारीक गोल अक्षरांत लिहिलं होतं, "उत्तर अपुरं." दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात, "मुद्दा टाळला आहे. पुन्हा लिहा."

"लिहून खराब केलेला माल विकतोस होय रे?"

"एक म्हातारी आणते. दर रविवारी जुनी पुस्तकं देते, यातलं एक नेते आणि पुढच्या रविवारी परत करते. म्हणते, एकही नीट उत्तर देत नाही. आज आली नाही."

सुल्मानं समासातलं अक्षर पुन्हा पाहिलं. लहानपणी तिच्या वह्यांवर हेच अक्षर असायचं. थोरली बहीण शाळा शाळा खेळायची आणि ही कायम नापास व्हायची. भविष्यवाली वगैरे कुणी नव्हतीच. एलिदा एकटीच पुस्तकांना प्रश्न विचारत बसली होती.

"तिनं शेवटी परत केलेलं कुठलं?"

वाल्तेरनं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. तेराव्या पत्त्यापाशी तेच अक्षर होतं, या वेळी जरा कापरं: "ते ठीक. पण मागे सुल्माचं काय?"

सुल्मा तिथेच उलट्या खोक्यावर बसली. ती भविष्यवालीला पकडायला निघाली होती, आणि बहीण मात्र दोन महिने तिचीच काळजी करत होती. तिला स्वतःची लाज वाटली. पेन्सिल मागून घेऊन तिनं प्रश्नाखाली लिहिलं, खूप खोडलं आणि परत लिहिलं. बदल्यात द्यायला पुस्तकं नव्हती, म्हणून थर्मास देऊन तिनं ते पुस्तक घेतलं.

घरी एलिदा उशांना टेकून बसली होती. सुल्मानं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. एलिदानं चष्मा लावला.

"सुल्मा एकटी पडेल. खूप रडेल. मग जगेल. तू सही केली नाहीस तरी ती एकटीच पडेल, पण तेव्हा तुझ्यावर रागावलेली असेल. सही केलीस तर ती ऑपरेशनच्या खोलीच्या दारासमोरच्या बाकावर बसेल, कितीही तास."

एलिदानं ते दोनदा वाचलं. "अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे तुझं, पोरी," ती म्हणाली. मग उशाशी ठेवलेली पेन्सिल घेऊन तिनं उत्तराशेजारी बरोबरची खूण केली. "आण तो दवाखान्याचा कागद."

"पेन्सिलीनं सही चालत नाही," सुल्मा म्हणाली. पेन टेबलावरच होतं, तरी ते शोधायला ती दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.