हेडली टिझर्डच्या अकरा बंदुका

हेडली टिझर्डच्या हातात जुनी बंदूक दिली की तो आधी तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा लोखंडी दांडा, उघडायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मग सांगायचा, "ही तळघरात पडून होती," किंवा "ही बोटीवर होती, खारं पाणी प्यायलीय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. टिल्ट हार्बर या आमच्या मासेमारीच्या गावात आम्ही त्याची टिंगल करायचो, पण कुणाच्या माळ्यावर आजोबांची लष्करी रायफल सापडली की ती हेडलीच्याच शेडमध्ये जायची.

तो माशांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. ब्याण्णव साली कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आली आणि कारखान्याला कुलूप लागलं. निम्मं गाव कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला गेलं. हेडलीची एकुलती मुलगी जॉइस गेली ती तिकडचीच झाली. हेडली राहिला. बोटींची इंजिनं, भट्ट्या, मिळेल ते दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ रायफलींना द्यायचा.

महायुद्ध संपल्यावर सैन्यानं या रायफली विकून टाकल्या आणि आमच्या किनाऱ्यावर त्या घराघरांत मूस मारायला आल्या. मूस म्हणजे सांबराच्या जातीचं, घोड्याहून उंच जनावर, त्याला तशीच बंदूक लागते. पण रानात वजन नको म्हणून लोकांनी नळीवरचं पुढचं लाकूड सरळ करवतीनं कापून टाकलं. हेडलीला ते बघवायचं नाही. तसंच जुनं अक्रोडाचं लाकूड शोधून तो कापलेल्या टोकाला जोडायचा, सांधा धातूच्या पट्टीखाली लपेल असा. दस्त्याला पोचा असला तर त्यावर ओला फडका ठेवून मर्टलची, म्हणजे बायकोची, इस्त्री फिरवायचा. वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर यायचं. मग जवसाचं तेल, नुसत्या अंगठ्यानं, रोज एक हात, महिनाभर.

मर्टल म्हणायची, "चर्चला जाताना माझ्या पांढऱ्या झग्यावर तुझ्या बंदुकीचा डाग असतो."

"असू दे गं. पाद्रीबुवांना वाटेल, आपलंच अभिषेकाचं तेल सांडलंय."

प्रत्येक रायफलीच्या अंगावर जो नंबर, तोच तिच्या बोल्टवर असायला हवा. गावागावांत बोल्टांची अदलाबदल झालेली. हेडलीच्या खिशात अशा नंबरांची वही असायची. एका रायफलीचा मूळ बोल्ट त्याला सतरा वर्षांनी खाडीपलीकडच्या एका म्हातारीच्या शिवणाच्या टोपलीत सापडला. त्या दिवशी तो माझ्या दारात आला, बोल्ट पुढे धरून, आणि त्यावरचा नंबर मला वाचायला लावला.

मी एफ्रेम पेली. सगळे एफ म्हणतात. एकतीस वर्षं मी आणि हेडली एका परवान्यावर शिकारीला गेलो: दोघांची नावं, एक मूस. दर वर्षी तो वेगळी रायफल काढायचा. जिनं शिकार होत नाही ती बंदूक नव्हे, फर्निचर, असं त्याचं म्हणणं. दुर्बीण त्यानं कधी लावली नाही. नळीवरच्या लोखंडी माशीवरून, म्हणजे नेमाच्या खुणेवरून, बघायचा आणि जनावर शंभर पावलांच्या आत येईपर्यंत थांबायचा. दोन्ही हात तोंडाशी धरून मादीचा आवाज काढायचा, तो ऐकून माझ्याही मानेवर काटा यायचा. दुपारी किटलीत चहा, त्यात डब्यातलं दूध, पावावर काकवी. "एफ, लेका, अल्बर्टात हे मिळत असेल का?" हे तो दर वर्षी विचारायचा. त्याच्या मनात जॉइस असायची.

शेवटच्या वर्षी मी तळ्याला वळसा घालून जनावर हाकलायला गेलो आणि तो एका खडकाआड बसला. काही मिळालं नाही. मी दलदलीतून परत निघालो, अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. सत्तर पावलांवर आलो तेव्हा दिसलं, हेडलीनं बंदूक खांद्याला लावलीय आणि नळी माझ्यावर आहे.

मी हात वर केले. "हेडली! मी आहे रे, एफ!"

नळी हलली नाही. पायाखाली दलदल, पळायला जागा नाही. मी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. तेव्हा कुठे त्यानं बंदूक खाली घेतली.

जवळ गेलो तर तो मला निरखत होता. "तू हर्मनला पाहिलंस का?" त्यानं विचारलं.

हर्मन त्याचा भाऊ. एकसष्ट साली बोट उलटून बुडाला होता.

"बोल्ट काढून दे मला," मी म्हटलं. त्यानं निमूट दिला. थोड्या वेळानं किटलीकडे बघत म्हणाला, "दूध आणलंयस ना, लेका?" तोच नेहमीचा आवाज.

मी मर्टलला काही सांगितलं नाही. उन्हात त्याचे डोळे दिपले असतील, अशी स्वतःची समजूत घातली. हिवाळाभर ते पोटात ठेवलं.

एप्रिलमध्ये मर्टल माझ्याकडे आली. कोट न काढता खुर्चीत बसली.

"एफ, त्या बंदुका तू घेऊन जा."

"काय झालं?"

"ख्रिसमसच्या आधी मी पाव भाजत होते. वळून बघते तर हा टेबलाशी बसलेला, बंदूक भरलेली, नळी दाराकडे. म्हणाला, बोट न्यायला माणसं येतायत. आपली बोट विकून वीस वर्षं झाली, एफ."

"आणि तू आत्ता सांगतेस?"

"तुला सांगितलं असतं तर तू नेल्या असत्यास." ती रडत नव्हती. हातमोजे पिळत होती. "त्या गेल्या की त्याच्याजवळ काय उरतंय, सांग."

मग मी तिला दलदलीतलं सांगितलं. "म्हणजे आपण दोघंही गप्प बसलो," ती म्हणाली. "कुणाचा तरी जीव गेला असता रे."

पुढच्या मंगळवारी ती त्याला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मी तिनं दिलेली किल्ली घेऊन शेडमध्ये शिरलो. अकरा रायफली. प्रत्येकीला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर त्याचं बारीक अक्षर: कुठे सापडली, काय बदललं, किती वेळा तेल दिलं. एकीवर होतं, "सांधा माझ्याकडून चुकला. उन्हात धरली तर दिसतो." मी धरून बघितलं. मला दिसला नाही. घोंगड्यांत गुंडाळून सगळ्या माझ्या गाडीत घातल्या, तेव्हा शेजारचा स्टॅन कुंपणाशी उभा होता. त्यानं टोपी काढली, घरातून कुणाची शवपेटी निघावी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं. हेडली. चेहरा पांढराफटक.

"एफ, माझ्याकडे चोरी झाली. सगळ्या नेल्या रे. एकही ठेवली नाही."

मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. भिंतीपलीकडच्या खोलीत कुलपाच्या कपाटात त्याच्या बंदुका होत्या. त्यानं खिशातून वही काढली आणि नंबर वाचून दाखवू लागला. बायकोचं नाव त्याला अधूनमधून आठवत नव्हतं, पण एकही नंबर चुकला नाही. मी कागद घेतला आणि लिहून घेतले.

"तू शोधशील ना?"

"शोधू आपण, हेडली."

तो रोज यायला लागला. रोज तीच चोरी नव्यानं झालेली, रोज तेच नंबर. शेवटी मला सहन होईना. मर्टलशी बोलून मी एक रायफल परत नेली, गोळी उडू नये म्हणून बोल्ट काढून घेऊन. हेडलीनं ती मांडीवर घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "आलीस का तू." त्यानंतर दिवसभर तो खिडकीशी बसून तिला तेल चोळायचा. मात्र बोल्ट नाही हे त्याच्या ध्यानात यायचंच. पिठाच्या डब्यात, मोज्यांच्या खणात, सगळीकडे शोधायचा.

"बोल्ट कुठाय गं?"

"दुरुस्तीला दिलाय," मर्टल म्हणाली.

"कुणाकडे?"

"एफकडे."

"एफकडे? अगं, एफला भिंतीत खिळा ठोकता येत नाही! वाट लावेल तो!"

मी समोरच बसलो होतो. मर्टलला हसू आवरेना. हसता हसता ती मोरीकडे वळली आणि नळ सोडून तशीच पाठमोरी उभी राहिली.

त्या उन्हाळ्यात चर्चच्या अंगणात गावजेवण होतं. हेडली माझ्या टेबलाशी आला, सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाला, "हा चोर आहे. माझ्या घरातनं यानं नेल्या." कुणी त्याला सांगितलं होतं की त्याचं त्यालाच उमगलं, ते मला कधी कळलं नाही. मर्टल उठून सांगायला लागली, "मी दिल्या त्याला, मी..." मी तिला खूण करून बसवलं. निदान तिच्यावर तरी त्याचा विश्वास राहायला हवा होता. शेवटी घास भरवणार तीच होती.

"हो, हेडली," मी म्हटलं. "मीच नेल्या."

त्यानं मान हलवली. "जोडीदार होतास माझा." एवढंच बोलला आणि जाऊन बसला.

त्यानंतर तो मला घरात घेईना. मी गुरुवारी जायचो, मागच्या पायरीवर मर्टलबरोबर चहा प्यायचो आणि परत यायचो. पुढे तो सगळ्यांनाच विसरला, तेव्हा मला परत आत जाता आलं. शेवटचं दीड वर्ष तो शहरातल्या शुश्रूषागृहात होता. पलंगाच्या लोखंडी कठड्यावरून त्याचा अंगठा हळूहळू फिरत असायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिथली परिचारिका मला म्हणाली, "हे काय करतात आजोबा?" मी म्हटलं, "काम करतोय तो." फेब्रुवारीत, बर्फानं रस्ते बंद असताना तो गेला. आम्ही दोन दिवसांनी पोचलो.

जॉइसला बंदुका नको होत्या. खाडीपलीकडचे एक शिक्षक, ज्यांना यातलं कळतं, त्यांनी अकराही नेल्या. चिठ्ठ्या वाचायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. "यांना भेटायला हवं होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो."

मी एकही ठेवून घेतली नाही. मर्टल म्हणत होती, ठेव. पण चोर म्हणवून घेतल्यावर ते जमेना. परवान्याचा अर्जही मी पुन्हा केला नाही. जोडीदाराच्या रकान्यात कुणाचं नाव लिहू? शरद ऋतूत स्टॅन आम्हाला मूसचं मांस आणून देतो. मर्टल ते टिकावं म्हणून काचेच्या बाटल्यांत भरून उकळते आणि दोन बाटल्या माझ्या पायरीवर ठेवून जाते. दार वाजवत नाही. मीही तिला चहाला थांबवत नाही; समोरासमोर बसलो की त्या अकरा बंदुका मध्ये येतात.