पासष्टाव्या नावापाशी

आबा चालताना पुस्तकांची नावे म्हणत. बायबलातली सगळी सहासष्ट, ओळीने, पाढे म्हणावेत तशी. ते कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाळीने पाणी सोडण्याचे त्यांचे काम. सणसरहून निघताना ‘उत्पत्ती’, आणि भवानीनगरच्या कारखान्याचे धुराडे दिसू लागले की नवा करार, म्हणजे बायबलाचा दुसरा भाग, सुरू. बांधावरचे लोक थट्टा करत, “आबा, गाडी कुठवर आली?” आबा न थांबता सांगत, “यिर्मयापाशी हाय. तुमच्या रानाला अजून येळ हाय.”

भवानीनगरात आमची ख्रिस्ती घरे आठ-दहाच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा बारामतीहून एस्टीने येत. बाकीच्या रविवारी शास्त्र वाचायचे ते आबांनी. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वाचताना ते कधी अडखळले नाहीत. कुणाच्या मातीला पाळक पोचले नाहीत, तर तिथेही आबाच वाचत. आणि वाचत ते नेहमी शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणातले. देव स्वतः माणसांचे डोळे पुसेल आणि मग मरण उरणार नाही, असे सांगणारे. स्वतःच्या बायकोच्या, आमच्या मार्थाकाकूंच्या, कबरीशीही त्यांनी तेच वाचले. आवाज हलला नाही. “लिवल्यालं हाय,” एवढेच नंतर म्हणाले.

मी सणसरच्या शाळेत मास्तर होतो. काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्याहून ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासाचे एक इंग्रजी पुस्तक आणले. नव्या वाचनाची घमेंड होती. एका सकाळी कालव्यावर मी ते सगळे आबांना ऐकवले. ही पुस्तकांची यादी आकाशातून आलेली नाही. कोणते पुस्तक घ्यावे आणि कोणते नाही, यावर पहिली तीन-चारशे वर्षे वाद चालले होते. आज आपल्याकडे नसलेली पत्रे काही मंडळ्या श्रद्धेने वाचत होत्या, आणि प्रकटीकरण तर कित्येकांना मान्यच नव्हते.

आबा थांबले. चालता चालता थांबलेले मी त्यांना प्रथमच पाहिले.

“शेवटलंच पुस्तक?”

“हो.”

“मग तिच्या मातीला मी काय वाचलं, मास्तर?”



त्यानंतर आबांची नावे पासष्टाव्याशी, यहूदाच्या पत्राशी, थांबू लागली. रविवारी आबा बायबल माझ्या हाती देत आणि मागे जाऊन बसत. उन्हाळाभर असेच चालले. शेवटी मी माफी मागायला गेलो.

“तुमी खोटं सांगितलं का?”

“नाही, आबा.”

“मग माफी कशाची? पर मला लई जड झालंय.”

हिवाळ्यात एकदा पाटाचे दार उचलता उचलता ते आपणहून बोलले. “कालव्याचा सायब पाळीची यादी करतो, तवा काय बगतो? कुनाचं रान पयल्यापास्नं भिजतंय ते. यादीनं पानी आनल्यालं न्हाय. तसंच झालं असंल पुस्तकांच्या यादीचं बी. आपल्या मान्साला माती देताना कुनीतरी शेवटलं पुस्तक वाचलं असंल, अन् त्येला आधार वाटला असंल.”

मला हायसे वाटले. आबा मात्र पाण्याकडे बघत म्हणाले, “पर यादीत चुका बी होत्यात, मास्तर. मी पाह्यल्यात.”

पुढे ते सहासष्टावे नाव पुन्हा घेऊ लागले. पण त्याआधी दोन-चार पावले गप्प चालत. ती पावले माझ्यामुळे आली होती.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला बोलावून घेतले. “माज्या येळंला तेच वाचा. पर तुमाला खरं वाटलं तरच. न्हाय तर गप ऱ्हावा. वाचायचं म्हनून वाचू नगा.”

काकूंच्या शेजारीच त्यांची कबर खणली होती. पाळकसाहेब आले होते. आबांची इच्छा कळल्यावर त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिले. मी वाचायला लागलो आणि अर्ध्या वाक्यात माझा आवाज गेला. रडू आले म्हणून, की आबांची अट आठवली म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

मागून एका बाईने उरलेले वाक्य पुरे केले. मग दुसरीने पुढचे घेतले, मग सगळ्यांनीच. त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. इतक्या मातींना आबांच्या तोंडून ऐकून ते त्यांना पाठ झाले होते. आबा जिथे श्वास घ्यायचे, तिथेच ते सगळे श्वास घेत होते.

मी पुस्तक उघडे धरून, आबांनी सांगितले होते तसा, गप्प उभा राहिलो.