करिअर मास्टर बाई आणि सायन्सच्या पोरी

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुन्या मैत्रिणी भेटल्या की सुरू होतं, "बाई, तो चष्मेवाला बाप आठवतो का?" एक किस्सा निघाला की मागून चार निघतात. आता हसतो आम्ही. तेव्हा मात्र दर वेळी माझं डोकं उठायचं!

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. वर्ध्याकडच्या सेलूजवळ एका गावात आमचं हायस्कूल. हेडसरांनी मला नागपूरला ट्रेनिंगला धाडलं. दहावीनंतर पोरापोरींनी काय शिकावं, ते मी सांगायचं. परत आले तर माझ्या टेबलावर पाटी: 'करिअर मास्टर'.

"सर, मी बाई आहे."

"पोस्ट मास्टरचीच आहे बाई. ॲडजस्ट करा!"

पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी बाप आला. मुलगी गणितात वर्गात पहिली. तिला सायन्सला का घालावं, हे मी तासभर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बाई, सायन्सनं पोरीले चष्मा लागन. मंग तिले कोन करन?"

"काका, चष्मा तर तुम्हालाही आहे. तुम्ही कुठं सायन्स घेतलं होतं?"

"म्हून तं सांगून राह्यलो! माहं लग्न चष्म्याच्या आधी झालं!"

प्रयोगशाळेत निराळीच तऱ्हा. मुलं परीक्षानळी धरणार आणि मुली मागे उभ्या राहून निरीक्षणं लिहिणार. सायन्सच्या सरांना विचारलं, "मुलींच्या हातात नळी का देत नाही?"

"फुटते, बाई."

"मागच्या वर्षी किती फुटल्या?"

"अकरा."

"त्यातल्या मुलींनी किती फोडल्या?"

"छे! त्यांच्या हातात देतोच कुठं!"

हेच सर घर्षण शिकवायचे ते बर्फावर घसरणाऱ्या माणसाचं चित्र काढून. आमच्या पोरींनी बर्फ पाहिला तो बाजारातल्या गोळ्यात! मी म्हटलं, "सर, जात्याचं सांगा ना. जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, छिन्नीनं टाके घालून खडबडीत करावं लागतं. हे सगळ्या पोरींना माहीत आहे."

"बाई, मी फिजिक्स शिकवतो. स्वयंपाक नाही."

पुढच्या चाचणीत एकीनं लिहिलं, "घर्षण बर्फावर असते. आमच्या गावात नसते."

मग आलं इन्स्पेक्शन. साहेब म्हणाले, "आम्ल, अल्कली ओळखून दाखवा." लिटमसचा कागद ओल धरून केव्हाच खराब झालेला. सरांना घाम फुटला. तेवढ्यात वर्गातली मंदा उभी राहिली. "सर, माह्या डब्याच्या फडक्यावर हळदीचा डाग हाये. साबण लावू? लाल होते थो."

साबण लावला, डाग लालभडक! साहेब खूश. मला वाटलं, आता तरी पोरीचं नाव होईल. शेरा वाचला: 'शिक्षकांची कल्पकता उत्तम!'

आणि आमची शोभा. ती पुढे वर्ध्याला सायन्सलाच गेली, पण त्याआधी काय झालं ते ऐका. तिच्या बाबांनी मला बजावून ठेवलं होतं, "प्रदर्शनात पोरीचं काही दिसलं तं पाहू. नाई तं दहावी बस झाली." शोभानं महिनाभर खपून विजेची घंटा तयार केली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मी तिला घेऊन गेले. बाबाही आले, धोतर सावरत मागे उभे राहिले.

परीक्षकांनी बटण दाबलं. घंटा खणखणली.

"छान! भावानं करून दिली का?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण शोभानं मला थांबवलं. तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि घंटा खोलली. तार, खिळा, पत्र्याची पट्टी, सगळं टेबलावर मांडलं. मग म्हणाली, "सर, भाऊ बाहेर बसला हाये. बोलावू? का तुम्हीच जोडता?"

परीक्षकांनी तार उचलली, उलटसुलट केली, परत ठेवली. पट्टी उचलली. ती कुठं बसवायची, ते कळेना. भोवती गर्दी जमली.

तेवढ्यात मागून शोभाचे बाबा पुढे आले.

"साहेब, जमत नसन तं पोरीले जोडू द्या. आमची पाचची यष्टी हाये."