बंद म्हणून सांगितलेली खोली

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं फिरतं. खून, दरोडे हाताळले, पण भाड्याच्या एका तक्रारीनं जेवढा संताप आणला तेवढा कुठल्याच दरोडेखोरानं आणला नाही.

मी तेव्हा भाईंदरला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये आलो तर एक घरमालक माझ्या आधीच येऊन बसलेला. खारी गावात त्याची चाळ होती, आणि बोलणं असं की जणू पोलीस ठाणंही त्याच्याच चाळीत आहे. तक्रार अशी, की एक जुनी भाडेकरू चार महिन्यांपूर्वी खोलीला कुलूप लावून पळाली, तेव्हापासूनचं भाडं बुडवलंय आणि कुलूप अजून तिचंच आहे.

"फसवणुकीचा गुन्हा घ्या साहेब. बाई एक नंबरची चोर आहे."

भाड्याची थकबाकी ही दिवाणी बाब, त्यासाठी कोर्ट आहे, हे मी त्याला सांगितलं. तरी तो रोज यायचा. त्याला गुन्हा नकोच होता. बाईला पोलिसांनी बोलावलं एवढं चार लोकांत पसरलं की त्याचं काम होणार होतं. पोलिसाला आपला वसुलीचा माणूस समजणारे असले लोक मला कधीच सहन झाले नाहीत.

शेवटी तिची बाजू कळावी म्हणून बाईचा जबाब घेतला. नवरा वारलेला, दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी, मालाडहून सासूला घेऊन इकडे आलेली. खारी सोडून आता पेणकरपाड्याला भाड्यानं राहत होती.

"चावी मी त्यांच्या हातात दिली, साहेब. डिपॉझिट मागितलं तर उद्या या, परवा या. आता माझ्या नवीन मालकाला फोन करून सांगतायत, ही चोर आहे म्हणून. तो म्हणतो, महिनाअखेर रूम खाली करा. सासूला घेऊन मी जाऊ कुठे?"

चावी दिल्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता. कुणाकडेच नसतो.

त्याच आठवड्यात ठाण्यात फोन आला. कुणी म्हातारी होती, नाव सांगेना. "ती खोली बंद न्हाय, साहेब. भाड्यानं पोरं ठेवलीत तिथं. खोटं बोलतोय तो."

मी मालकाला म्हटलं, खोली दाखवा, पंचनामा करायचाय. कुलूप तोडायला माणूस आणतो, असं सांगून त्यानं वेळ मागितला. मी मुद्दाम दिला; घाईनं लपवताना माणूस काहीतरी विसरतोच. मग पंच आणि हवालदाराला घेऊन गेलो. कुलूप तोडलं. आत अंथरूण नाही, कपडा नाही, फरशी झाडलेली.

"बघा, चार महिने अशीच पडलीये."

मोरीत निळं पिंप होतं. झाकण काढलं. काठोकाठ भरलेलं, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसत होता.

"हे कुणी भरलं?"

"तिनंच. जाताना."

"चार महिने झाले आणि एक अळी नाही?" मी पिंपाशेजारचा पेला बुडवून त्याच्यापुढे धरला. "घ्या, प्या."

त्यानं पेला घेतला नाही. उंबऱ्यावरच बसला. "काय सांगू साहेब, सामान हलवा म्हटलं, पोरांनी हलवलं. पण पाणी येतं एक दिवसाआड. भरलेलं पिंप कोण ओतून देतंय?"

खरं होतं ते. मी मीरा रोडला राहतो, तिथंही पाण्याची तीच रड; मीही ओतलं नसतं.

ठाण्यात त्यानं सगळं ओकलं. बाई गेल्यावर लगेच त्यानं ती खोली पोरांना दिली होती, पोलिसांना न कळवता. वर बाईचं डिपॉझिट गिळायला ही खोटी थकबाकी रचली. नव्या भाडेकरूंची माहिती पोलिसांना न दिल्याबद्दल गुन्हा त्याच्यावरच नोंदवला. डिपॉझिट त्यानं संध्याकाळच्या आत आणून ठेवलं आणि "मिटवून टाकू" म्हणाला. आमचाच हवालदार बाईला समजावू लागला, "ताई, पैसे मिळाले ना? सोडा आता." मी त्याच्यावर एवढा ओरडलो की बाहेरची माणसं आत डोकावली.

बाई शांत होती. म्हणाली, "पैसे मिळाले. पण नवीन मालकाला ह्यांनी जे सांगितलंय ते ह्यांनीच येऊन पुसायचं."

आम्ही त्याला पेणकरपाड्याला नेलं. नवीन मालक आणि शेजारपाजारचे पॅसेजमध्ये जमले. हा खाली बघून पुटपुटला, "जरा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही, खोटं बोललात," बाई म्हणाली. "आणि मोठ्यानं बोला. चोर म्हणताना आवाज चांगला निघत होता."

तो मोठ्यानं बोलला. नवीन मालक म्हणाला, "राहा ताई, कुठे जाऊ नका."

तोवर मला वाटायचं, ज्याचं त्याला परत दिलं की प्रकरण संपलं. भाड्यानं राहणाऱ्या माणसाला पुढची खोली त्याच्या चांगल्या नावावर मिळते. ते नाव ज्या दारात घालवलं, त्याच दारात उभं राहून परत द्यावं लागतं. हे मला कुठल्या कलमानं नाही, त्या बाईनं शिकवलं.